लॉकडाऊनमध्ये सुटलेल्या गोळ्या

"कोरोनात एचआयव्हीच्या गोळ्या सुटल्या. आता एआरटी सेंटरला गेले तर ओरडतील का? गोळ्या परत देतील का?" २०२० ला इतकी वर्षं झाली तरी हा प्रश्न माझ्याकडे येतोच. उत्तर आधीच देते: एआरटी सेंटर म्हणजे एचआयव्हीची औषधं देणारं सरकारी केंद्र, तिथे गोळ्या परत मिळतात, आणि मोफत मिळतात. पण एवढं सांगून कुणी उठून जात नाही, हेही मला माहीत आहे.

रेश्मा (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) तृतीयपंथी आहे. दिघ्याला गुरूंच्या घरी राहायची, ठाणे-वाशी लोकलमध्ये मंगती करायची. औषधांची नोंद मात्र ठाण्याला. वाशीकडच्या सेंटरवर कुणी ओळखीचं भेटेल ही धास्ती. मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या आणि कमाईही थांबली. जूनमध्ये गाड्या सुटू लागल्या त्या अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. सगळ्यांना ठरावीक वेळेत चढता आलं ते थेट फेब्रुवारी २०२१ मध्ये, आणि एप्रिलमध्ये तेही पुन्हा बंद झालं.

गोळ्या संपत आल्या तशी ती चालतच ठाण्याला निघाली. विटाव्याला नाकाबंदी होती.

"कुठे?"

"दवाखान्यात."

"काय होतंय? कागद दाखव."

हिरवं पुस्तक, म्हणजे सेंटरवरची उपचारांची नोंदवही, ओढणीत गुंडाळून पोटाशी धरलेलं. मागे वस्तीतलीच दोन माणसं उभी. तिने पुस्तक काढलं नाही, तशीच मागे फिरली. उरलेल्या गोळ्या दिवसाआड घेतल्या, मग घरातल्या एकीच्या डब्यातून मागून घेतल्या. शेवटी दोघींच्याही संपल्या.

त्या काळात नॅकोने, म्हणजे केंद्र सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेने, एकदम जास्त महिन्यांच्या गोळ्या द्यायला आणि जमेल तिथे घरपोच पोचवायला सांगितलं होतं. कार्यकर्ते पास गळ्यात अडकवून पिशव्या घेऊन फिरले, त्यांचं मोल मी जाणते. पण गोळ्या पोचल्या ज्याचा फोन लागला आणि पत्ता सापडला त्याला. रेश्माचा रिचार्ज संपलेला, पत्ता खोटा. अशा माणसाची नोंद 'एलएफयू' होते, म्हणजे उपचारातून गळालेला रुग्ण. मला हा शिक्का फार खटकतो. मदत तिच्या दारापर्यंत आली नाही आणि गळाली मात्र ती.

माझ्याकडे आली तेव्हा एकच धरून बसली होती, "मॅडम, चूक माझीच. लोकं उपाशी राहून गोळ्या खात होती." मी तिला त्या महिन्यांत काय काय घडलं ते क्रमाने सांगायला लावलं. लोकल, भाडं, फोन, नाका. मग विचारलं, "रेश्माताई, यातलं तुमच्या हातात काय होतं?" बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "पत्ता." खोटा का दिला? "खरा दिला असता आणि कुणी विचारत आलं असतं, तर घरमालकाने सगळ्यांनाच बाहेर काढलं असतं." हे स्वतःच्या तोंडून ऐकल्यावर ती रडली. त्यानंतर सेंटरवर जायचं बोलणं सुरू झालं.

तिथे काय म्हणायचं ते आम्ही ठरवून घेतलं: "लॉकडाऊनमध्ये गोळ्या सुटल्या, पुन्हा सुरू करायच्या आहेत." बास. कारणांचा पाढा वाचायची गरज नाही. कुणी आवाज चढवलाच तर समुपदेशकाला भेटायचं आहे म्हणायचं. सोबत एक कार्यकर्ती गेली. ओरडलं कुणी नाही, पण वजन बघून डॉक्टर चिंतेत पडले. टीबीची तपासणी झाली, सीडी-४ साठी, म्हणजे प्रतिकारशक्ती किती उरली ते बघायला, रक्त घेतलं, मग गोळ्या सुरू झाल्या.

तुमचंही असंच झालं असेल तर घरात पडलेल्या किंवा दुसऱ्याच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. दिवसाआड घेऊन पुरवूही नका. अर्धवट औषधाने विषाणूला त्या औषधाची सवय होते आणि पुढे ते चालेनासं होऊ शकतं. खोकला, ताप, रात्री घाम येणं, वजन उतरणं यातलं काही असेल तर आधी ते डॉक्टरांना सांगा. सेंटर लांब पडत असेल तर नोंद दुसऱ्या सेंटरला हलवून मागता येते. तुमचा आजार तुमच्या संमतीशिवाय कुणाला सांगायला २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने मनाई आहे. आधी फोनवर बोलायचं असेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे. आणि हिरवं पुस्तक हरवलं म्हणून अडून राहू नका, नोंद सेंटरकडेही असते.