लाल दिसलं म्हणून फवारायचं का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी अथणी तालुक्यातला, दोन एकर द्राक्षबाग आहे, बेदाणा करतो. फळछाटणी होऊन ४० दिवस झाले. एका ड्रोनवाल्याकडून बागेचे फोटो काढून घेतले, त्यानं हिरवा-पिवळा-लाल नकाशा दिला आणि लाल आहे तिथं डाऊनी (केवडा, बुरशीचा रोग) आलीय, औषध मारा म्हणाला. दोन फवारण्या झाल्या तरी त्या ओळी सुकल्यासारख्याच दिसायलेत. पोरगा म्हणतोय मोबाईलवर सॅटेलाईटचा नकाशा फुकट मिळतोय. तो तरी खरा का?

उत्तर : काका, नकाशा खोटा नाही हो, त्याचा अर्थ चुकीचा सांगितला तुम्हाला, आणि त्यात दोन फवारण्यांचे पैसे गेले याचं मला खरंच वाईट वाटतंय.

बघा, निरोगी पान लाल उजेड स्वतःसाठी शोषून घेतं आणि डोळ्याला न दिसणारा नियर इन्फ्रारेड भरपूर परत फेकतं. मल्टिस्पेक्ट्रल कॅमेरा हे दोन्ही वेगवेगळे मोजतो. समजा इन्फ्रारेड ४५ टक्के आणि लाल ५ टक्के परत आला, तर दोन्हीतल्या फरकाला दोन्हीच्या बेरजेनं भागायचं, ४० भागिले ५० म्हणजे ०.८. हाच एनडीव्हीआय. पान बिघडलं की इन्फ्रारेड ३० आणि लाल १५ असं काहीतरी होतं आणि आकडा ०.३३ वर येतो, नकाशात तिथं लाल रंग भरतात. बस्स, एवढंच. पाणी कमी पडलं, नत्र कमी पडलं, मुळी कुजली, जमीन क्षारपड आहे, का नुसती पानंच विरळ आहेत, हे त्या आकड्याला कळत नाही, त्यामुळे नुसत्या लाल रंगावरून रोगाचं नाव कुणी सांगितलं तर फवारणीचा पंप बाहेर काढायचा नाही.

माझ्या आतेभावाच्या तेलसंगच्या बागेत असंच झालेलं. लाल पट्टा अगदी सरळ, दोनच ओळींत. रोग असा सूत लावल्यासारखा येत नाही, म्हणून आम्ही भर दुपारी आत गेलो. त्या ओळीतलं पान हाताला गरम लागत होतं, शेजारच्या ओळीतलं गार. पाणी मिळेना म्हणून पानानं वाफ बाहेर सोडायची बारीक भोकं, म्हणजे रंध्रं, मिटून घेतलेली. लॅटरल, म्हणजे ओळीतली ठिबकची नळी, उचलून बघितली तर ड्रिपरच्या तोंडाशी बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार, शेवटच्या झाडाजवळ माती नुसती दमट. ॲसिड देऊन लाईन धुतली, औषध कसलंच लागलं नाही. तुम्ही पण आधी लॅटरल उचला.

आणि डाऊनीचं म्हणाल तर ती ड्रोनला मंडपावरून दिसायची वाट बघितली तर उशीर होतो. वरून तेलकट डाग आणि पान उलटं केलं की पांढरी बुरशी, हे सकाळी बागेत फिरूनच दिसतं.

आता पोराचं. सेंटिनेल-२ चा डेटा खरंच फुकट आहे, दोन उपग्रह मिळून साधारण दर पाच दिवसांनी आपल्यावरून जातात, फक्त ढग असले की काही दिसत नाही. पण त्याचा एक चौकोन १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे एकरात जेमतेम ४० चौकोन, आणि एकेका चौकोनात तुमची वेल, ओळींमधली माती, गवत, कडेला बांधावरचा ऊस सगळं मिसळलेलं. गवत माजलं तरी बाग हिरवीगार दिसते! छाटणी झाली की आकडा आपोआप पडतो, तेव्हा घाबरू नका. शेजाऱ्याच्या बागेशी तुलना नको, आपल्याच बागेचा गेल्या वर्षीचा नकाशा काढा, छाटणीनंतर तितक्याच दिवसांचा.

प्रश्न : कडोलीत कोबी-बटाटा करतो. साध्या कॅमेऱ्याचा ड्रोन घेतला तर हे जमेल का?

उत्तर : एनडीव्हीआय जमणार नाही भाऊ, साध्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड येत नाही. रोप कुठं मेलंय, पाणी कुठं साचलंय एवढं मात्र छान दिसतं. पण त्यासाठी ड्रोन विकत घेऊ नका, गरज पडली तर भाड्यानं बोलवा, मल्टिस्पेक्ट्रलवालाच, आणि उडवायच्या आधी तो राखाडी पाटीचा फोटो घेतो का बघा. उजेड रोज बदलतो, पाटीशिवाय आजचा आकडा पंधरा दिवसांनंतरच्या आकड्याशी जुळवता येत नाही. सांबरा विमानतळ तुम्हाला जवळच, तेव्हा डिजिटल स्काय या सरकारी वेबसाईटच्या नकाशावर आपलं शेत ड्रोन उडवायच्या कुठल्या झोनमध्ये येतं ते आधी बघून घ्या.