लिंकन यांची श्रद्धा : कोणते चरित्र खरे?

प्रश्न : एका चरित्रात अब्राहम लिंकन धर्मनिष्ठ ख्रिस्ती, तर दुसऱ्यात संशयवादी दिसतात. आम्ही काय मानावे? (एक शिक्षिका, निपाणी)

उत्तर : ताई, हा वाद लिंकन यांच्या हत्येनंतर लगेचच सुरू झाला. १८६६ मध्ये चरित्रकार जोसाया हॉलंड यांनी त्यांना आदर्श ख्रिस्ती म्हणून रंगवले. ते न पटल्यामुळे लिंकन यांचे वकिलीतील भागीदार विल्यम हर्नडन यांनी जुन्या परिचितांच्या आठवणी चिकाटीने जमवल्या आणि १८८९ च्या चरित्रात तरुणपणीचा शंकेखोर लिंकन पुढे आणला. आठवणी मौल्यवान खऱ्या, पण त्या बऱ्याच उशिरा सांगितलेल्या आहेत, हे विसरू नये.

म्हणून माझा आग्रह असा की आधी लिंकन यांचेच शब्द वाचावेत. १८४६ च्या निवडणुकीत पत्रक काढून, आपण कोणत्याही चर्चचे सदस्य नाही, मात्र धर्मग्रंथाचे सत्य आपण कधी नाकारलेले नाही, असे त्यांनी मतदारांना सांगितले. १८६२ मध्ये मुलगा विली गेला, उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतील राज्यांमधले यादवी युद्ध लांबत गेले, आणि ४ मार्च १८६५ च्या, राष्ट्राध्यक्षपदाच्या दुसऱ्या शपथविधीच्या भाषणात ते म्हणाले की युद्धातील दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात, एकाच देवाला प्रार्थना करतात, पण दोघांच्याही प्रार्थना पूर्ण होणे शक्य नव्हते. हे भाषण जेमतेम सातशे शब्दांचे असल्याने आपल्याला ते वर्गातही वाचून दाखवता येईल.