कापुश्चिन्स्की पुरस्कार नेमका कशासाठी देतात? पत्रकाराच्या नावाने साहित्याचा पुरस्कार कशाला?

"कशाला" वाचलं आणि माझ्या धाकट्या मामांचाच आवाज कानात आला, म्हणून लिहायला बसलो. नाहीतर दोन ओळीत संपलं असतं.

त्या दोन ओळी अशा. रिशार्ड कापुश्चिन्स्की (१९३२-२००७) हा पोलंडचा पत्रकार, तिथल्या सरकारी वृत्तसंस्थेसाठी कित्येक वर्षं आफ्रिका, लॅटिन अमेरिका पालथी घातलेला. त्याच्या नावाने वॉर्सा शहराच्या कौन्सिलने २०१० ला हा पुरस्कार सुरू केला, रिपोर्ताजच्या (स्वतः जाऊन, बघून-ऐकून लिहिलेल्या खऱ्या हकिकतीच्या) पुस्तकासाठी, म्हणजे जे आजच्या जगाचा एखादा खरा प्रश्न धरतं आणि दुसऱ्या संस्कृतीतल्या माणसाबद्दल आपली समज वाढवतं असं पुस्तक. पहिल्या वर्षी रवांडावर लिहिणाऱ्या ज्याँ हात्झफेल्डला मिळाला, २०११ ला बेलारूसच्या स्वेतलाना अलेक्सिएविचला, २०१५ ला परत तिलाच, आणि त्याच वर्षी तिला नोबेल मिळालं. पत्रकारितेला साहित्य म्हणायचं की नाही हा वाद माझ्यापुरता तिथंच मिटला. अनुवादकालाही वेगळं बक्षीस असतं, आणि ते असायलाच पाहिजे, कारण दुसऱ्या भाषेतला माणूस तुमच्या घरात आणून बसवतो तो अनुवादकच.

आता खरं सांगायचं ते.

मी कोल्हापूरचा. आजोळ वळिवड्याजवळ. दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं, पण बाहेरच्यांसाठी सांगतो, १९४३ ते ४८, जवळजवळ पाच हजार माणसं, त्यात बायका-पोरंच जास्त. पूर्व पोलंडातून रशियाने उचलून सैबेरियाला नेलेली, तिथून इराणमार्गे इकडे आलेली. कापुश्चिन्स्कीचं गाव पिन्स्क त्याच पट्ट्यातलं. तो शाळेत असताना वर्गातली पोरं एकेक करून नाहीशी व्हायची, कारण कुटुंबंच्या कुटुंबं रात्रीतून गाडीत घातली जायची, हे त्यानेच लिहून ठेवलंय. त्याच्या घरचे वेळेत निसटले म्हणून तो राहिला. वळिवड्याला आलेली पोरं अशाच वर्गांतून उठवलेली.

माझी आजी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची, आईबरोबर छावणीत दूध घालायला जायची. २०११ च्या उन्हाळ्यात तिला बोलतं करून मी सगळं रेकॉर्ड केलं, तीन दुपारी. तिच्या डोक्यात "जेन दोब्री" (त्यांचा नमस्कार) एवढे दोन शब्द शिल्लक होते. आणि एक गोरी बाई, जी आमच्या मापावर विश्वास ठेवायची नाही, स्वतःची काचेची बाटली घेऊन दारात उभी राहायची. एकदा पणजीने दुधात पाणी घातलं, त्या बाईने बोट बुडवून बघितलं, एक शब्द बोलली नाही आणि दार लावून घेतलं. आठ दिवस रतीब बंद. नवव्या दिवशी परत बाटली घेऊन दारात. बस. आजीला त्या बाईचं नाव शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

हे मी लिहून एका दिवाळी अंकाला दिलं. संपादकांचा फोन, छान आहे पण कोरडं आहे, दोघींची मैत्री दाखवा, निरोपाचा प्रसंग टाका, स्टेशनवर. मी पहिल्यांदाच छापून येणार होतो, मामा पण मागे लागले, लिही की, कुणाचं काय जातंय. मी लिहिला. आगगाडी, रुमाल, आजीच्या हातात तीच काचेची बाटली भेट म्हणून. अंक आला, लोकांचे फोन आले, रडलो म्हणाले. मी अंक घेऊन आजोळी गेलो आणि आजीला वाचून दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "मी कवा गेल्तो रं ठेसनाला?"

पुढं काही बोलली नाही. दोन वर्षांनी गेली. तो प्रश्न माझ्या अंगावर अजून आहे.

म्हणून कापुश्चिन्स्कीबद्दलही मी मऊ बोलणार नाही. हा पुरस्कार सुरू झाला त्याच २०१० साली आर्तुर दोमोस्लाव्स्की या त्याच्याच ओळखीतल्या पत्रकाराने त्याचं चरित्र काढलं, आणि त्यात दाखवलं की पुस्तकांत बऱ्याच ठिकाणी त्याने मीठमसाला लावलाय. कापुश्चिन्स्कीच्या बायकोने ते थांबवायला कोर्टात धाव घेतली, पुस्तक आलंच. मामा म्हणतात बघ, एवढा मोठा माणूस रंगवतो तर तू काय घेऊन बसलास. मामा, तो मोठा होता तो रंगवल्यामुळे नाही. १९५६ ला इंग्रजी येत नसताना तो भारतात उतरला, सीमेपलीकडे चेकोस्लोव्हाकियाला जायला मिळालं तरी पुरे म्हणणारा पोरगा, आणि इथं भाषेच्या भिंतीवर आपटल्यावर हेमिंग्वेची कादंबरी घेऊन शब्द शब्द लावत बसला. समोरचा माणूस आपल्याला कळत नाही हे कबूल करून तो कामाला लागला, त्याचं मोठेपण तिथं आहे. ज्या बाईचं नाव आजीला माहीत नव्हतं तिला मी मैत्रीण करून टाकलं, तेव्हा मी दोघींनाही पुसून टाकलं. अविश्वास, चोरी, आठ दिवसांचा अबोला आणि नववा दिवस, दोन देशांच्या बायकांमध्ये जे खरंच घडलं ते एवढंच होतं आणि ते भरपूर होतं.

एक मात्र मान्य करतो. त्याने सेन्सॉरशिपखाली लिहिलं. इथिओपियाच्या बादशहाच्या दरबारावरचं त्याचं पुस्तक पोलंडात लोकांनी आपल्याच कम्युनिस्ट पार्टीच्या दरबारावरचं म्हणून वाचलं. तिथं आडवळणाने लिहिणं आणि दिवाळी अंकात रुमाल हलवणं यात फरक आहे. त्यामुळे पुरस्काराचं नाव बदला वगैरे म्हणणाऱ्यांच्या बाजूचा मी नाही.

तुम्ही स्वतः लिहिणारे असाल म्हणून विचारलं असेल तर, पुस्तक पोलिशमध्ये छापलेलं लागतं, मूळ किंवा अनुवाद, त्यामुळे मराठीतून तिथं पोचायला आधी अनुवादक शोधा. आणि कोणी स्टेशनचा प्रसंग टाका म्हणालं तर लेख परत मागून घ्या. मी माझा पुन्हा लिहायला घेतलाय, रेकॉर्डिंग ऐकून, बाटलीपासून.