अमेरिकेतल्या रेसिडेन्सीसाठी (डॉक्टरांचं स्पेशालिटी ट्रेनिंग) शिफारसपत्र कुणाकडे मागायचं, कसं मागायचं: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मॅडम, एचओडींचं पत्र घेऊ की युनिटमधल्या असिस्टंट प्रोफेसरांचं? एचओडी सर मला नावानेसुद्धा ओळखत नाहीत.

असिस्टंट प्रोफेसरांचं घे. वाचणाऱ्याला हुद्दा दिसतो हे खरंय, पण तो शोधत असतो की ही मुलगी हिस्टरी नीट घेते का, चूक दाखवली की सुधारते का, पेशंटचं बिघडलं तर वेळेत सांगते का, आणि हे फक्त तुझ्यासोबत राउंड घेतलेला माणूसच लिहू शकतो. न ओळखणारे सर काय लिहिणार, हुशार आहे, मेहनती आहे, वक्तशीर आहे, संपलं. एक अपवाद मात्र आहे, अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनचे काही प्रोग्राम डिपार्टमेंट चेअरचं, म्हणजे एचओडींचं, पत्र मागतात, त्यामुळे प्रत्येक प्रोग्रामची अट आधी वाच.

विचारायचं कसं तेच कळत नाही, नाही म्हणाले तर?

नाही म्हणाले तर चांगलंच झालं असं समज, खरंच, कारण भिडेखातर लिहिलेलं कोमट पत्र पत्र नसण्यापेक्षा जास्त नुकसान करतं. म्हणून प्रश्नच असा विचार की त्यांना नाही म्हणायला जागा राहील: "सर, माझ्याबद्दल ठामपणे चांगलं लिहिता येईल इतकं माझं काम तुम्ही बघितलंय का?" सर थोडे अडखळले तर आभार मान आणि दुसऱ्यांकडे जा. विचारायची वेळ म्हणजे रोटेशनचा, म्हणजे त्या युनिटमधल्या पोस्टिंगचा, शेवटचा आठवडा, तेव्हा तू त्यांच्या डोक्यात ताजी असतेस. हो म्हणाले की त्याच दिवशी मेल टाक, त्यात सीव्ही, पर्सनल स्टेटमेंट, कुठल्या स्पेशालिटीला अप्लाय करतेयस ते आणि डेडलाइन, आणि निदान महिनाभर तरी वेळ दे.

सर म्हणाले, तूच ड्राफ्ट कर, मी सही करतो. करू का?

हे सर्रास चालतं, तरी मी नकोच म्हणेन. पत्र सरांचं असायला हवं, आणि शिवाय आपणच आपल्याबद्दल लिहायला बसलो की सगळे तेच ते गुळगुळीत शब्द येतात आणि तीन पत्रांना एकच आवाज येतो, अनुभवी माणसाला ते पटकन कळतं. त्याऐवजी त्यांना एक पानभर मुद्दे दे. कुठल्या केसमध्ये तू काय केलंस, डायग्नोसिस कसं सुचलं, त्यांनी काय सुधारायला सांगितलं आणि नंतर तू ते कसं केलंस, असं सगळं, फक्त पेशंटची ओळख पटेल असं काही नको. सर बिझी असतात हो, त्यांना आठवण करून द्यायला माणूस लागतो, आणि मुद्दे हातात असले की बहुतेक जण स्वतःच लिहून मोकळे होतात.

इरासमध्ये (रेसिडेन्सीचे अर्ज भरायची ऑनलाइन सिस्टीम) पत्र बघण्याचा हक्क सोडायचा का?

सोड. तू पत्र वाचलेलं नाहीस हे कळलं की वाचणाऱ्याचा त्यावर विश्वास बसतो. हे इरासमध्ये पत्राची नोंद कन्फर्म करायच्या आधीच ठरवावं लागतं. मग लेटर रिक्वेस्ट फॉर्म तयार होतो, तो सरांना पाठव, पत्र तेच पोर्टलवर अपलोड करतात, तुला करता येत नाही. एका प्रोग्रामला जास्तीत जास्त 4 पत्रं जातात, पण त्याहून जास्त जमा करून कुठलं कुठे पाठवायचं ते ठरवता येतं.

महिना झाला, पत्र अपलोडच नाही!

दोन ओळींचा मेल कर, रिक्वेस्ट फॉर्म परत जोड, कारण सरांना तो सापडत नसण्याचीच शक्यता जास्त. आठवड्याने प्रत्यक्ष भेट, आणि तोवर आणखी एका फॅकल्टीला विचारून ठेव.