विहिरीच्या पाण्याची गुणवत्ता मोजणारे स्वस्त यंत्र घरी बनवता येईल का?

होय, आर्डुइनोसारखा मुक्त स्रोत बोर्ड (सेन्सरचे आकडे वाचणारा छोटा प्रोग्रॅम करता येणारा सर्किट बोर्ड), टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण घन पदार्थ मोजण्यासाठीचा प्रोब (पाण्यात बुडवायची सळई) आणि डीएस१८बी२० हा जलरोधक तापमान सेन्सर एवढ्यावर सुरुवात करता येते. टीडीएस प्रोब प्रत्यक्षात पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि ती दर अंश सेल्सिअसला सुमारे २ टक्क्यांनी वाढते, म्हणून तापमानाची दुरुस्ती न केलेले आकडे सकाळ-दुपार वेगळे दिसतात आणि पाणीच बदलले असा गैरसमज होतो. पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता, मोजणारा प्रोबही त्याच भांड्यात असेल, तर टीडीएस प्रोबचा वीजपुरवठा मोजणीपुरताच चालू ठेवावा. एरवी त्याचा प्रवाह पाण्यातून पीएचचे आकडे बिघडवतो. भारतीय मानकानुसार टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. मात्र जंतू आणि फ्लोराइड या यंत्राला मुळीच कळत नाहीत, त्यांसाठी नमुना प्रयोगशाळेतच द्यावा.