प्रार्थनेत मन लागत नाही तेव्हा

“माझी श्रद्धा कमी पडली, म्हणून मन आजारी पडले का?” हा प्रश्न मी निरनिराळ्या धर्मांच्या माणसांकडून ऐकला आहे. पन्नाशीच्या एका बाईंनी तो पहिल्याच भेटीत विचारला, तेव्हा त्या खुर्चीच्या कडेवर बसून पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत आणि पुन्हा सोडत होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

धाकट्या भावाला जाऊन सात महिने झाले होते. त्याच्या आजारपणात एका रात्री थकव्यामुळे त्यांची प्रार्थना राहिली आणि पहाटे तो गेला. या दोन घटनांच्या मध्ये ‘म्हणून’ हा शब्द त्यांनी स्वतःच घातला होता. तेव्हापासून त्या रोज तासभर प्रार्थना करीत, एखादा शब्द चुकला की पहिल्यापासून सुरुवात करीत, आणि तरीही आत काही हलत नसे. पहाटे तीनला जाग येई, भूक मेली होती, नातवंडांच्या गप्पाही नकोशा झाल्या होत्या. ही नैराश्याची लक्षणे होती. नैराश्यात कशातच गोडी वाटेनाशी होते. मग प्रार्थना तेवढी अपवाद कशी राहील? हे ऐकल्यावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या.

मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी संकटातील श्रद्धेची दोन रूपे वेगळी करून दाखवली आहेत : आधार देणारी आणि पोखरणारी. त्यांच्या व सहकाऱ्यांच्या २००१ सालच्या अभ्यासात ५५ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या ५९६ रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेतला होता. देवाने आपल्याला टाकले किंवा शिक्षा दिली असे मानून आत झगडत राहणाऱ्या रुग्णांमध्ये, मूळची शारीरिक व मानसिक स्थिती हिशेबात धरूनही, मृत्यूचा धोका अधिक आढळला. हा अभ्यास मी बाईंना अर्थातच सांगितला नाही. घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवण्यात काय शहाणपण? पण त्यांची श्रद्धा किती आहे, हे मोजण्यापेक्षा त्यांच्या मनातला देव त्यांच्याशी कसा वागतो, हे विचारणे मला महत्त्वाचे वाटले.

“तो हिशेब ठेवतो,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही त्याच्यावर रागावला आहात का?”

पट्टा गुंडाळणारे बोट थांबले. “देवावर कोणी रागावते का?” असे म्हणता म्हणताच त्यांना रडू कोसळले.

देव शिक्षा करतो की नाही, या वादात मी पडले नाही. तो माझा अधिकार नव्हे. मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. गोळी घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे, अशी त्यांना भीती होती. तेव्हा ज्यांच्या शब्दाला त्या मान देतात, त्या त्यांच्या धर्मगुरूंनाच विचारून यायला सांगितले. उत्तर अनुकूल आले. प्रत्येक वेळी तसेच येईल, असे मात्र मी म्हणणार नाही. पुढच्या भेटींत आम्ही चुकलेला शब्द तसाच सोडून पुढे जाण्याचा सराव केला. तो त्यांना फार जड गेला आणि दोनदा त्यांनी तो अर्ध्यावर सोडलाही.

चार महिन्यांनी त्या खुर्चीत मागे टेकून बसल्या होत्या. “आता दहा मिनिटांतच आटोपते,” त्या म्हणाल्या, “आणि त्यातली निम्मी त्याच्याशी भांडण्यात जातात.”