मेक्सिकोच्या मक्यावर काम करायचंय, पण घरचे नको म्हणतात

वर्ध्याजवळच्या गावातून एका मुलीचं पत्र आलंय. बीएफएच्या तिसऱ्या वर्षाला आहे, प्रिंटमेकिंग म्हणजे ठोकळ्यावरून छापायची चित्रकला घेतलीय, घरी कपाशी आणि तूर. मेक्सिकोतल्या शेतीवर, तिथल्या परंपरांवर काम करायचंय म्हणते. बाबा म्हणतात आपल्या शेतात काय कमी आहे, आणि यात पोट कसं भरणार?

अगं, आधी बाबांना पांडुरंग खानखोजेंबद्दल सांग. तुमच्या वर्ध्याचेच. गदर चळवळीतले क्रांतिकारक, 1920च्या दशकात मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवलं, मका आणि गव्हाच्या वाणांवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. छायाचित्रकार तीना मोदोत्तीने त्यांच्या कामाचे फोटो काढलेत आणि मेक्सिकोचा चित्रकार दिएगो रिवेरा याच्या तिथल्या शिक्षण मंत्रालयातल्या एका भित्तिचित्रातही ते आहेत. त्याच चापिंगोच्या चॅपलच्या भिंतींवर रिवेराने जमीन, बी, शेतकऱ्यांचा लढा असं सगळं रंगवलंय. त्यामुळे शेती आणि चित्रकला एकत्र आणायचं तुझं खूळ नवीन नाही, वर्ध्याच्या माणसाला तर अजिबात नाही.

आता तू पत्रासोबत पाठवलेली चित्रं. हात चांगलाय, लाइन पक्की आहे. पण कवट्या, निवडुंग आणि मोठ्या टोप्या हे तू फोनवर बघून गोळा केलेलं आहे, त्यात शेत कुठेच दिसत नाही. तिथल्या पारंपरिक शेताला मिल्पा म्हणतात, मका, घेवडा आणि भोपळा एकाच रानात, घेवड्याचा वेल मक्यावर चढतो, भोपळ्याची पानं जमीन झाकून ओल धरतात. तीन ब्लॉकची प्रिंट कर ना यावर, ज्या क्रमाने रान भरतं त्याच क्रमाने एकेक थर चढव. हे मला पोर्टफोलिओत बघायचंय.

आणि मेक्सिकन डिझायनर फर्नांदो लापोसेचं काम नीट अभ्यास, नुसतं लाइक करून सोडू नकोस. प्वेब्ला राज्यातल्या तोनाविश्त्ला गावात संकरित बियाणं आणि तणनाशकं आली, जमीन धुपली, माणसं गाव सोडून गेली, जुने रंगीत मके जवळपास संपले. त्याने गावकऱ्यांबरोबर ते मके परत लावले, बियाणं मिळवायला सिमिट या मका-गव्हाच्या आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्राच्या बियाणे बँकेची मदत झाली. तो मक्याच्या कणसाची पानं वापरतो: ती सोलायची, इस्त्री करून सपाट करायची, मागून आधाराला अस्तर चिकटवायचं, मग तुकडे कापून लाकडी जडावकामासारखे जोडायचे. जांभळा, गुलाबी, पिवळसर, सगळे रंग त्या पानांचेच, वरून काहीही नाही. आणि त्या कामाचा पैसा गावातल्या बायकांच्या हातात जातो, मला सगळ्यात जास्त हेच पटलं.

तुझ्यासाठी माझ्या मते जागा एकच, मेक्सिकोतलं वाहाका शहर. लाकडी ठोकळ्यावरच्या छापकामाच्या कार्यशाळा तिथे भरपूर, चित्रकार फ्रान्सिस्को तोलेदोने 1988 मध्ये काढलेली ग्राफिक कलेची संस्था आहे तिचं ग्रंथालय बघच, आणि हा माणूस जीएम म्हणजे जनुकं बदललेल्या मक्याच्या विरोधातही उभा राहिला होता. जवळच तेओतित्लानचे विणकर आहेत, निवडुंगावरच्या किड्यापासून लाल रंग काढतात, लिंबू टाकलं की तो नारिंगी होतो. 23 डिसेंबरला वाहाकात मुळ्याच्या भाजीतले मुळे कोरून आकृत्या करायची स्पर्धा असते, 1897 पासून, त्यात मक्याच्या पानांच्या कामाचाही वेगळा गट असतो.

एक गोष्ट आत्ताच डोक्यात ठेव. आदिवासी समाजांची नक्षी, भरतकाम परवानगीशिवाय विकायला वापरण्याविरुद्ध 2022 पासून मेक्सिकोत कायदा आहे. कायदा नसता तरी विचारूनच करायचं, आणि कोणाकडून शिकलीस ते नावानिशी लिहायचं.

पोटाचं म्हणशील तर फक्त गॅलरीवर भागेल असं मी बाबांना सांगणार नाही. टेक्स्टाइल डिझाइन, कॉलेजात शिकवणं, छापकामाचा स्वतःचा स्टुडिओ, यातलं एक सोबत लागेलच, म्हणून बीएफए अर्धवट सोडायचं नाही. स्पॅनिश या महिन्यापासून सुरू कर, ऑनलाइन चालेल, डेले या स्पॅनिशच्या परीक्षेच्या बी-वन म्हणजे मधल्या लेव्हलपर्यंत तरी, कारण कार्यशाळेतली माणसं तुझ्याशी इंग्रजीत बोलणार नाहीत आणि मेक्सिको सिटीच्या उनाम विद्यापीठात कला शिकायची तरी स्पॅनिशच लागेल. मेक्सिको सरकारची शिष्यवृत्ती यंदा निघाली आहे का ते दूतावासाच्या साइटवर बघत राहा. प्रिंट झाली की फोटो पाठव, बाबांशी बोलायचं असेल तर मी फोनवर बोलते.